शब्दाला धक्का न लावता

अद्वेनासे, ४ मे २०१५

यॉ,

फोनवर तू विचारलंस, मी इतकी गप्प का? मी गप्प नव्हते, तू मला बोलू देत नव्हतास. मी "कोफी" म्हणेपर्यंत तू "कळलं कोफीचं, वाईट झालं" म्हणून मोकळा झालास आणि थेट काठीवर आलास. लहानपणापासून तुझं असंच आहे. समोरच्याचं वाक्य निम्म्यावर आलं की ते त्याच्या तोंडातून काढून घ्यायची तुला घाई. म्हणून पत्र लिहितेय. पत्रात मध्येच तोंड घालता येत नाही.

तर राजाचा ओचिआमे कोफी न्सिया वारला आणि राजाची सोनेरी काठी रिकामी झाली. लगेच, जिनेव्हातून निवृत्त होऊन आक्रात बंगला बांधून बसलेल्या माझ्या धाकट्या भावाला आठवलं, की आपण ओचिआमेंच्या घरातले. राजाच्या वतीने बोलणाऱ्यांच्या घरातले.

"हक्क माझाच आहे, बिरागो," तू म्हणालास. "देशोदेशींची भांडणं मिटवलीत मी. अद्वेनासेच्या सभेचं काय घेऊन बसलीस?"

मिटवलीस, नाही कोण म्हणतं? त्या दोन शेजारी देशांच्या नदीचं प्रकरण तू कसं सोडवलंस ते मी रेडिओवर ऐकलं होतं आणि दुकानातल्या पोरींना अभिमानाने सांगितलंही होतं. तू आपल्या कामात हुशार आहेस. हे आधीच लिहून टाकते, म्हणजे पुढचं वाचताना तुला वाटणार नाही की मी जळते.

जळत नाहीच मी. कुमासीच्या बाजारात माझी कापडाची दोन दुकानं आहेत. लग्नात मुलीकडून बोलायला मला आदल्या वर्षापासून सांगून ठेवतात. नऊ वर्षं झाली, राणीमातेची ओचिआमे मी आहे. माझी काठी काळ्या लाकडाची, सोन्याची नाही, पण तिच्याशिवाय राणीमातेपर्यंत कुणाचा एक शब्द पोचत नाही. तुझाही पोचणार नाही. हे तुझ्या लक्षात आलंय म्हणून तर फोन केलास.

आता ती जुनी सभा. तुझ्या आठवणीत ती कशी आहे कोण जाणे, माझ्या आठवणीतली ऐक. आईच्या घराण्यातली ती काठी मामांकडे होती. ते वारले, त्यांचे विधी झाले आणि आपल्या घरातून काठी कुणी घ्यायची ते ठरवायला थोरले याच राणीमातेच्या अंगणात बसले. तू नुकताच लंडनची पदवी घेऊन परराष्ट्र खात्यात चिकटला होतास. "मी कुठे इथे राहणार?" म्हणून तू हात झटकलेस. मग सगळे माझ्याकडे बघायला लागले. मामांच्या आजारपणात त्यांच्या मागे बसून त्यांना शब्द कोण पुरवत होतं, हे अंगणातल्या कोंबड्यांनाही माहीत होतं. एक म्हातारा तर म्हणालाही, "पोरगी चालेल की!" तेवढ्यात तू उठलास. कुणी तुला विचारलं नव्हतं.

"राजाची ओचिआमे बाई कधी झालेली नाही," तू म्हणालास. "आपल्या घराण्याची गोष्टच अशी आहे. राजाने एका तरुणाच्या हातात काठी दिली, तो पहिला. तिथूनच ओचिआमे हा शब्द आला. मी पुस्तकांत वाचलंय."

पुस्तकांत! आई तिथेच बसली होती. ती गोष्ट आपल्या दोघांना तिनेच सांगितली होती, चुलीपाशी, सार ढवळता ढवळता. तिच्या गोष्टीत तो तरुण अगदी शेवटी येतो. आधी म्हातारी येते. तू म्हातारीला गाळलंस आणि मुलापासून सुरू केलंस, आणि तुझ्या अंगात लंडनचा कोट होता म्हणून थोरल्यांनी माना हलवल्या. काठी गेली घराबाहेर, तुझ्या दोस्ताकडे, कोफीकडे. स्वतः घेतली नाहीस आणि मलाही घेऊ दिली नाहीस.

कोफी सभेत झोपायचा हे तुला ठाऊक असेल. शेजारच्या राजाच्या अंत्यविधीला त्याने भलत्याच गावाच्या नावाने सांत्वन केलं, ते ठाऊक नसेल. आपल्या लोकांनी माना खाली घातल्या. मी बायकांच्या रांगेत बसले होते. काय बोलायला हवं होतं ते माझ्या जिभेवर होतं, आणि मी ते गिळलं. तीस वर्षं मी असंच गिळत आलेय, यॉ.

पण तुझा निरोप मी राणीमातेला दिला आहे. काठीसाठी तुला आधी तिच्यापुढे उभं राहावं लागेल. ती म्हणाली, येऊ दे त्याला.

ये तू.

तुझी थोरली,
बिरागो

अद्वेनासे, २७ मे

यॉ,

ओचिआमेंवर तू छापून घेतलेली पुस्तिका मिळाली. कागद छान आहे. मुखपृष्ठावर तू काठी धरून उभा आहेस. ती काठी कुठल्या संग्रहालयाची ते मागच्या पानावर लिहिलंय, बरं केलंस, नाहीतर लोकांना वाटलं असतं आपलीच.

वाचली सगळी. युरोपातला तुमचा तो शब्द, डिप्लोमॅट, तो म्हणे दुमडलेल्या कागदावरून आला. जुन्या ग्रीकांकडे राजाचा हुकूम कागद दुमडून द्यायचे, तो घेऊन जायचा तो हा माणूस. म्हणजे दुमडलेल्या कागदाचा माणूस. मला हे पान आवडलं. तुला अगदी शोभतं. आत काय आहे ते बाहेरून दिसू नये म्हणून तर कागद दुमडतात.

पुढच्या पानावर आपला शब्द. "ओचिआमे: आफ्रिकेचा मुत्सद्दी." आणि खाली काय? "परंपरेनुसार राजाने एका तरुण सल्लागाराच्या हाती काठी दिली." म्हणजे तीस वर्षं तू हेच सांगत फिरलास. जिनेव्हात सांगितलंस, अदिसअबाबात सांगितलंस, आणि आता छापूनही घेतलंस.

आईची गोष्ट मी इथे लिहून ठेवते, एवढ्यासाठी की कुठेतरी ती लिहिलेली असावी. आपल्या घरात ती अशी सांगतात, बाकीच्या घरांत कशी सांगत असतील ती सांगोत.

एक म्हातारी होती. पाय गेलेले, म्हणून काठी टेकत चालायची. राजाच्या अंगणाशेजारी तिचं खोपटं. राजापुढे जायची वेळ आली की माणसांची बोबडी वळायची, खरं असूनही ते खोट्यासारखं तोंडातून यायचं. म्हणून लोक आधी म्हातारीकडे जायचे आणि म्हणायचे, "चिआ मे." माझ्यासाठी नीट कर. म्हातारी त्यांचं ऐकून घ्यायची, काठी टेकत राजापुढे जायची आणि तेच गाऱ्हाणं असं मांडायची, की राजाच्या कपाळावरची आठी जायची आणि मागणाऱ्याची मानही ताठ राहायची. तिने कधी खोटं सांगितलं नाही. माणसाच्या बोलण्यात जे खरं होतं पण त्याला सांगता येत नव्हतं, ते ती शोधून काढायची. ती मेली तेव्हा राजाने तिची काठी तिच्या मुलाच्या हातात दिली आणि तिला सोनं लावलं.

तिच्या मुलाच्या हातात, यॉ. तुझा "तरुण सल्लागार" तो हाच.

त्या सभेनंतर आईने ही गोष्ट कधीच सांगितली नाही. माझ्या मुलींनी मागितली तरी नाही. "मला आठवत नाही गं," म्हणायची. आठवत नाही कसली! तिच्या पोटच्या पोराने भर अंगणात तिला खोटं पाडलं होतं. मी त्याबद्दल तुला माफ केलेलं नाही आणि करणारही नाही. काठीबद्दल कदाचित केलं असतं.

असो. तू पत्रात विचारलंयस, राणीमातेपुढे मी "निष्पक्ष" राहीन ना? घाबरू नकोस. तू जे बोलशील ते मी पोचवीन. तुझ्या एकाही शब्दाला धक्का लावणार नाही. आईची शपथ.

बिरागो

अद्वेनासे, १९ जून

यॉ,

तुझा निरोप पोचला. "तुझ्या शब्दामुळे मन हलकं झालं" असं लिहिलंयस. छान. हलकं मन घेऊन ये.

दिवस ठरलाय, चार जुलै, शनिवार. राणीमातेला भेट म्हणून श्नॅप्स दारूची बाटली आण, चांगली, सीलबंद. केंटेचं झगझगीत वस्त्र नेसू नकोस. इतकी वर्षं तोंड न दाखवलेला माणूस आधी माफी मागतो आणि मग काठी मागतो. माफी मागायला आलेल्याने सणासारखं नटू नये. साधं निळं-पांढरं नेस. नसेल तर माझ्या दुकानातून घे, भावाला कमी लावीन.

आणि तू बाहेर फार राहिलास म्हणून पुन्हा सांगते. राणीमातेकडे बघून बोलायचं नाही. माझ्याकडे बघून बोलायचं, थोडं बोलून थांबायचं, मी तिला सांगीन. ती मला सांगेल, मी तुला सांगीन. ती चार हातांवर बसलेली असेल, सगळं ऐकत असेल, तरीही. मध्ये कुणी नसेल तर राग थेट अंगावर येतो, म्हणून ही रीत. हे तुला पुस्तिकेच्या सहाव्या पानावरही सापडेल. तिथे तू ते चांगलं लिहिलंयस.

डाव्या हाताने काही दाखवू नकोस. हे मी तुला सांगावं, काय वेळ आली!

बिरागो

अद्वेनासे, ९ जुलै

यॉ,

तू त्या दिवशी जेवायला न थांबता गाडीत बसलास. फुफू कुटून ठेवलं होतं. शेजारणीला दिलं.

माझी मुलगी म्हणते, यॉमामा फोन उचलत नाही. म्हणून लिहितेय. तू हे पत्र फाडणार नाहीस, मला माहीत आहे. मी तुझ्याबद्दल काय लिहिलंय ते वाचल्याशिवाय तुला राहवणार नाही.

तू केंटे नेसून आलास. पिवळंधमक. मला तिथेच हसू फुटलं होतं, काठीमागे तोंड लपवलं मी. अंगण भरलेलं, राजाकडचे थोरले डाव्या बाजूला, बायका उजव्या बाजूला. तुला पाणी दिलं, येण्याचं कारण विचारलं. तू घसा साफ केलास आणि तुझा तो रेडिओवरचा आवाज लावलास.

"काही काळ मी अद्वेनासेपासून दूर राहिलो, परिस्थितीच तशी होती. त्या काळात माझ्याकडून काही त्रुटी राहिल्या असतील, तर त्याबद्दल मला खेद वाटतो."

आणि थांबलास. अंगणातल्या प्रत्येकाला माहीत होतं, आता बिरागो हे उचलणार. हे घेऊन ती त्याचं काहीतरी करणार, म्हणून लोक जरा पुढे सरकून बसले. तूही हातावर हात ठेवून सुखात उभा होतास.

मी राणीमातेकडे वळून मानाची हाक दिली आणि म्हटलं, "नाना, यॉ म्हणतो, काही काळ मी अद्वेनासेपासून दूर राहिलो, परिस्थितीच तशी होती. त्या काळात माझ्याकडून काही त्रुटी राहिल्या असतील, तर त्याबद्दल मला खेद वाटतो."

मग मीही थांबले.

बायकांतून कुणीतरी विचारलं, "बस्स?"

"बस्स," मी म्हटलं.

पहिलं हसू तिथे आलं. तुझ्या कानाच्या पाळ्या लाल झाल्या. लहानपणी मी तुझी नक्कल करायचे तेव्हा अशाच व्हायच्या.

राणीमाता म्हणाली, "बिरागो, विचार त्याला. आईला माती द्यायला का नाही आला?"

तू म्हणालास, "त्या काळात एक महत्त्वाची परिषद सुरू होती आणि माझी उपस्थिती अपरिहार्य होती."

मी सांगितलं, "नाना, तो म्हणतो, त्या काळात एक महत्त्वाची परिषद सुरू होती आणि त्याची उपस्थिती अपरिहार्य होती."

या वेळी कुणी हसलं नाही. ते हसण्यापेक्षा वाईट होतं, मला दिसत होतं. तुझे ओठ हलायला लागले. तू माझ्याकडे बघून भुवया उडवल्यास, अगं, काहीतरी कर! मी काठीवरच्या मुठीकडे बघत राहिले.

"विचार," राणीमाता म्हणाली, "राजाची काठी कशाला हवी?"

तेव्हा तू चिडला होतास, म्हणून जे मनात होतं ते बोललास. "कारण या गावाने ती काठी कधी नीट वापरलीच नाही. मी तिला जगात मान मिळवून देईन."

इथे तर मला काही करावंच लागलं नाही. मी फक्त आवाज थोडा चढवला, मागच्यांना ऐकू जावं म्हणून. "नाना, तो म्हणतो, या गावाने ती काठी कधी नीट वापरलीच नाही. तो तिला जगात मान मिळवून देईल!"

काय गोंधळ उडाला! थोरले दारको तर छातीवर हात मारत उठले, "आमच्या बापजाद्यांनी काय केलं मग? सरपण केलं काठीचं?" त्या कालव्यात तू मला मागे सारलंस, राणीमातेकडे वळलास आणि ओरडलास, "नाना! ही बाई माझ्या शब्दांची वाट लावतेय! हिला मुद्दाम माझं वाटोळं करायचंय!" आणि माझ्याकडे बोट दाखवलंस, डाव्या हाताचं.

पुढे जे झालं त्यासाठी मी तीस वर्षं थांबले होते, म्हणून ते सावकाश लिहिते.

राणीमातेने तोंड बाजूला वळवलं, कारण तुझे शब्द मध्ये कुणी नसताना थेट तिच्या अंगावर गेले होते. दारको तुझ्याकडे न बघता बोलले, "जो ओचिआमेच्या डोक्यावरून बोलतो, तो ओचिआमे व्हायला आलाय." एवढंच. काठी तिथेच गेली तुझ्या हातातून. वर एक मेंढा दंड, आणि कुणीतरी उभं राहून तुझ्या वतीने माफी मागेपर्यंत अंगणाबाहेर पाऊल टाकायचं नाही.

हो, मी जाणूनबुजून केलं. तुझे शब्द उघडे पडले की तुला सहन होणार नाही, तू मध्ये बोलणार, हे मला फोनवरच कळलं होतं. मी तुला पत्रात बजावलंसुद्धा होतं की तिच्याकडे बघून बोलू नकोस. तू म्हणशील, दगा दिला. कुठला दगा? तू बोललास ते मी पोचवलं. शपथ घेतली होती, पाळली. तुला हवं होतं ते वेगळंच होतं. तू नुसतं "खेद" म्हणणार आणि त्याची माफी मी करून द्यायची. तुझ्यात नसलेलं सगळं मी माझ्या पदरचं घालायचं, आणि वर काठीही तुझीच.

मला आनंद झाला, यॉ. खोटं कशाला बोलू? उन्हातून आल्यावर माठातलं पाणी प्यावं तसं वाटलं.

मग तू इकडेतिकडे बघितलंस. तुझ्या वतीने बोलायला एकही थोरला उठला नाही. तुझ्या गाडीतून आलेले आक्राचे दोघे बूट बघत बसले. तू माझ्याकडे आलास. पायातल्या चपला काढल्यास. ते पिवळं केंटे खांद्यावरून कमरेपर्यंत उतरवलंस, जसं मामांपुढे उतरवायचास. तुझ्या छातीवरचे केस पांढरे झालेत, ते मी पहिल्यांदा बघितलं. आणि तू हळूच म्हणालास, फक्त मला ऐकू येईल एवढं, "बिरागो, चिआ मे."

कुणी शिकवलं नव्हतं तुला. पुस्तिकेत तर तो शब्द नाहीच.

मी नाही म्हणू शकले असते. तुला काय वाटतं, मनात आलं नसेल? अंगणाच्या मधोमध तुला अर्धा उघडा उभा ठेवावा, मेंढा येईपर्यंत. पण मी ओचिआमे आहे. माणूस ते दोन शब्द बोलला की तो कोण आहे हे बघायचं नसतं.

म्हणून मी काठी टेकली आणि बोलले. काय बोलले ते तू ऐकलंस, तरी तुला कळलं का बघ. मी म्हटलं, "नाना, या पोराच्या जिभेवर परक्या देशांची इतकी भांडणं बसली होती, की स्वतःच्या आईचं नाव घ्यायला तिथे जागा उरली नाही. आईला माती दिली त्या दिवशी हा परिषदेत होता. खोलीतल्या खुर्चीवर याने दुखवट्याचं काळं वस्त्र घडी करून ठेवलं होतं, दिवसभर. नेसायला धीर झाला नाही आणि पेटीत ठेवायलाही झाला नाही." हे तूच मला सांगितलं होतंस, फोनवर, बोलण्याच्या ओघात, आणि मी "हं" म्हणेपर्यंत पुढे गेला होतास. "नाना, हा आज सणासारखा नटून आला, कारण याला वाटलं पाहुणा म्हणून गेलो तर कुणी हाकलणार नाही. पाहुणा नाही हा, आपलाच आहे. काठी टेकत राजापुढे गेलेल्या त्या म्हातारीच्या घरातलं पोर आहे. तिच्या दाराशी उभा राहिलेला माणूस रिकाम्या हाताने परत गेला नाही. याला पाठवायचं का?"

बायका डोळे पुसत होत्या. दारकोंनी नाक शिंकरलं. तू रडलास, केंटेच्या टोकाने तोंड झाकून, हुंदके देत, आई गेली तेव्हा इथे रडायला हवं होतंस तसा. मी रडले नाही, मी काम करत होते.

राणीमातेने माफी दिली. आणि अंगणात एकूण एकाने पाहिलं, यॉ, की तीस वर्षांपूर्वी तू काय बंद केलं होतंस. तुझ्या तोंडून ते मला कबूल करून घ्यायचं होतं. त्याची गरज उरली नाही.

एक लक्षात ठेव. मी तुला माफ केलेलं नाही, मी तुझ्यासाठी फक्त बोलले.

बिरागो

अद्वेनासे, ३१ जुलै

यॉ,

तुझं पत्र आलं. पाच पानं! इतकं लांब तू मला आयुष्यात लिहिलं नव्हतंस. दोनदा वाचलं.

"तू माझा सूड घेतलास आणि त्यावर वीणकाम केलंस," असं लिहिलंयस. वाक्य चांगलं आहे. हो, घेतला. पहिल्या पत्रात तुला तो दिसला नाही, कारण बिरागो आपलंच काम करायला जन्मली आहे असं तू गृहीत धरलं होतंस.

"आई असती तर तिला हे आवडलं नसतं," असंही लिहिलंयस. हे मला लागलं. नसतंच आवडलं. तिने तुला बाजूला घेऊन समजावलं असतं, तुझ्या ताटात माशाचा मोठा तुकडा वाढला असता आणि मला म्हणाली असती, जाऊ दे गं, धाकटा आहे. पण आई नाही आता, आणि मी आई नाही.

आता कामाचं बोलते. मेंढा अजून आलेला नाही. दारको रोज फाटकाकडे बघतात. पुढच्या शुक्रवारपर्यंत पाठव, आणि मरतुकडा नको.

दुसरं. परवा राजाकडून दोन थोरले माझ्याकडे आले, श्नॅप्स घेऊन. बसले, पाणी प्यायले, हवापाण्याचं बोलले. मग म्हणाले, "राजाने सोनेरी काठी तुझ्यासाठी ठेवली आहे." मी त्यांना उत्तर लगेच दिलं नाही. तीस वर्षं त्यांनी मला थांबवलं, मी त्यांना एक दुपार थांबवलं. माझी मुलगी आतून खुणा करत होती, अगं हो म्हण, हो म्हण! संध्याकाळी हो म्हटलं.

येत्या अक्वासिदेच्या सणाला, रविवारी, राजापुढे काठी हातात घ्यायची आहे. आणि इथे तुझी गरज आहे. उड्या मारू नकोस. मला नको आहेस, रीतीला हवा आहेस. ज्या घराची काठी, त्या घरातल्या सगळ्यांत मोठ्या पुरुषाने नव्या ओचिआमेला हात धरून राजापर्यंत न्यायचं आणि भरल्या सभेत सांगायचं, की ही काठी आपल्या घरात कुठून आली, पहिल्यांदा कुणाच्या हातात होती, शब्द कुठला. मामांच्या वेळी हे आजोबांनी सांगितलं होतं. कोफीच्या वेळी तू सांगितलंस.

मामांनंतर घरात सगळ्यांत मोठा पुरुष तूच आहेस. मी राणीमातेला विचारलं, दुसरं कुणी चालेल का? ती हसून म्हणाली, "का गं? त्यालाच सांगू दे की."

तेव्हा निळं-पांढरं नेसून ये. कापड मी बाजूला काढून ठेवलंय, पैसे घेणार नाही. राजाच्या अंगणात माणूस मावणार नाही. तीस वर्षांपूर्वीच्या सभेतले जे उरलेत ते पुढे बसतील, मी सांगून ठेवलंय. आईची खुर्ची घरातून नेऊन बायकांच्या रांगेत पहिली ठेवणार आहे. रिकामी.

तू मधोमध उभा राहशील. मी तुझ्या शेजारी असेन, पण मला त्या वेळी बोलायची परवानगी नाही. काठी हातात येईपर्यंत मी कुणाचीच ओचिआमे नसते. म्हणजे तुझं बोलणं कुणी उचलणार नाही, नीट करणार नाही, पुढे पोचवणार नाही. जसं तोंडातून निघेल तसंच ते सगळ्यांना ऐकू जाईल, त्या खुर्चीलाही.

गोष्ट म्हातारीपासून सुरू होते, यॉ. पाठ करून ये.

बिरागो